घरच्या खोलीत बीट बनवतोय, पण मांडवात बेस फुटतो. सोलापूरकरांनो, २५ हजारांत काय घेऊ?

पूर्वभाग_बीट्स | शुक्रवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागातला. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचा हिशोब बघतो आणि रात्री जेवण झालं की बीट बनवत बसतो. दीड वर्ष झालं. आधी मोबाइलवर बँडलॅब हे ॲप होतं, आता दादाचा जुना लॅपटॉप आणि त्यावर एफएल स्टुडिओ या बीट बनवायच्या सॉफ्टवेअरचं ट्रायल.

गेल्या गणपतीत मंडळाच्या पोरांनी हट्टच धरला, 'तुझं गाणं मांडवात लावू.' मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या लयीत हलगीचा तुकडा, वर बासरीसारखा सिंथ आणि खाली एटओएटचा, म्हणजे ८०८ ड्रम मशीनच्या घुमणाऱ्या ठोक्याचा, बेस. खोलीत ते इतकं छान वाजत होतं की मी लगेच पेन ड्राइव्ह काढून दिला. मांडवात पहिला ठोका पडला आणि हलगी गेली, बासरी गेली, नुसतं धूंऽ धूंऽ. वरचे पत्रे थरथरायला लागले. साउंडवाल्या दादांनी मिनिटाभरात बंद केलं आणि म्हणाले, 'बेस लई भरलायस की रे.' तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कारण खोलीत मला बेस कमी वाटत होता, म्हणून तर मी तो वाढवला होता!

आता बोनसचे २५ हजार हातात आहेत. मोठे स्पीकर घेऊ, माइक घेऊ की कीबोर्ड? माझा मित्र मराठी, तेलुगू आणि दखनी तिन्हींत लिहितो, त्याचा आवाजही घरीच रेकॉर्ड करायचाय. शेजारी माग आहेत, रात्री उशिरापर्यंत चालू असतात. पुण्याला जाऊन कोर्स करणं परवडणारं नाही. जे शिकायचं ते इथंच.

शेंगाचटणी | शुक्रवार, रात्री ११.५८

सोलापूरच्या माणसानं धागा काढला म्हणजे चादर पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही! आमच्या धाकट्याला हेच वेड आहे. वाचतेय.

जुळेसोलापूरकर | शनिवार, सकाळी ७.२०

सरळ चांगले स्टुडिओ मॉनिटर स्पीकर घे. ऐकू येत नाही म्हणून चुकतं, ऐकू आलं की सुधारतं. बाकी सॉफ्टवेअरचा खर्च कशाला करतोस, क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेल्या फुकट प्रती, मिळतात की सगळीकडं.

फेडर_खाली | शनिवार, सकाळी ९.०५

मी गेली १४ वर्षं साउंड लावतो. लग्न, जयंती, गणपती, गड्ड्याच्या जत्रेतले कार्यक्रम, सगळं. वरच्या दोन्ही सल्ल्यांना माझा विरोध आहे.

क्रॅकचं आधी सांगतो. एका पोराच्या लॅपटॉपमध्ये त्या क्रॅकबरोबर जे काही आलं त्यानं त्याची तीन वर्षांची सगळी गाणी बंद करून टाकली आणि उघडायला पैसे मागितले. पोरगं रडत आलं होतं, माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. आणि गरजच काय आहे? रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती परवाना ६० डॉलर. एलएमएमएस तर कायमचं मोफत. एफएलची तर गोष्टच वेगळी, एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. फक्त कुठल्या आवृत्तीत आवाज रेकॉर्ड करता येतो ते बघून घ्यायचं.

दुसरं, पूर्वभाग, तू ट्रायल वापरतोयस म्हणतोस. त्यात फाइल सेव्ह होते, पण परवाना घेईपर्यंत परत उघडत नाही. त्यामुळं झालेलं काम रोज वेव्ह, म्हणजे साधी आवाजाची फाइल, करून काढून ठेवत जा, प्रत्येक वाद्याचं वेगळं.

आता स्पीकर. चुकीच्या खोलीत लाखाचे स्पीकर ठेवले तरी ते चुकीचंच सांगणार. मी एका हॉलमध्ये मागं उभा राहून बेस ठीक करतो आणि पुढच्या रांगेतली आजी कान धरून बसलेली असते. एकच हॉल, एकच स्पीकर. जागा बदलली की बेस बदलतो.

मायक्रोफोनवाली | शनिवार, सकाळी १०.४०

फेडरदादा अगदी मुद्द्यावर आले. पूर्वभाग, काही घेण्याआधी चार गोष्टी सांग. खोलीची मापं किती? तू कुठं बसतोस? आता आवाज कशातून ऐकतोस? आणि त्या गाण्याची पट्टी कोणती?

ताणाबाणा | शनिवार, दुपारी १२.१५

मी ६३ वर्षांचा आहे, संगीतातलं मला कळत नाही. पण नातवाच्या लॅपटॉपवर हे एफएल पाहिलं आणि चकित झालो. एका ओळीत १६ चौकोन, जिथं टिचकी मारली तिथं ठोका. अहो, हे तर आमचं जेकार्ड!

मी ३० वर्षं चादरीच्या मागावर काढली. डिझाइन आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढायचं. मग पुठ्ठ्याच्या कार्डांवर त्या चौकोनांप्रमाणे भोकं पाडायची आणि कार्डं एकमेकांना शिवून माळ करायची. भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याचा, आडव्या धाग्याचा, एक फेरा. माळ संपली की परत पहिल्या कार्डापासून. चादरीवर तोच मोर परत परत येतो तो असा. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेली ही युक्ती आमच्या सोलापुरात घरोघर पोचली.

म्हणून मला वाटतं, आपल्या पोरांना हे काम परकं नाही. एका कार्डात एक भोक चुकलं तर काय होतं माहीत आहे? चूक चादरीत एकदा दिसत नाही, प्रत्येक मोराच्या पायाशी दिसते. तुमच्या त्या १६ चौकोनांच्या तुकड्याचंही तसंच असणार. तो परत परत वाजणार, तर तेवढा तुकडा आधी नीट विणा. मग लांबी वाढवा.

किनारचाट | शनिवार, दुपारी १.०२

ताणाबाणा काका, साष्टांग नमस्कार. वीस वर्षं तबला वाजवतोय, आवर्तन कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं.

दखनी_कलम | शनिवार, दुपारी १.३०

वरती ज्या मित्राचा उल्लेख झाला तो मीच. काका, ही ओळ मी गाण्यात घेणार, तुमची परवानगी धरून चालतो. 'चूक दिसते प्रत्येक मोराच्या पायाशी.' काय बोललात!

ताणाबाणा | शनिवार, दुपारी १.४५

घ्या बाळा. झालं की ऐकवा मात्र.

पूर्वभाग_बीट्स | शनिवार, रात्री ९.३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मायक्रोफोनवाली ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

खोली १० बाय १०, वर स्लॅबही साधारण १० फुटांवरच. ऐकतो दादाच्या जुन्या टू पॉइंट वन स्पीकरवर, दोन छोटे आणि बेसचा एक वूफर. वूफर टेबलाखाली. टेबल बरोबर खोलीच्या मधोमध, कारण वर पंखा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की पंख्याखालून हलायची सोय नसते. गाणं 'ए'मध्ये आहे, एटओएटही 'ए'लाच सूर केलेला.

मायक्रोफोनवाली | शनिवार, रात्री १०.५५

सापडलं! नीट वाच, तुझ्या कानात आणि हातात काहीच खोट नाही.

आवाजाची लाट एका भिंतीवरून दुसरीकडं आपटून परत येते. भिंतींमधलं अंतर लाटेच्या लांबीच्या बरोबर निम्मं असेल तर जाणारी आणि येणारी लाट मिळून खोलीत एक स्थिर आकार धरतात. भिंतीपाशी दाब सगळ्यांत जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. तुझ्या भिंतींमधलं अंतर १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. ३४३ भागिले ६.१, उत्तर येतं ५६ हर्ट्‌झ.

आणि तुझा एटओएट ज्या 'ए'वर आहे तो ५५ हर्ट्‌झ.

म्हणजे तू खोलीत नेमक्या त्या बिंदूवर बसला होतास जिथं तो सूर ऐकूच येत नाही. खोली चौकोनी, त्यात स्लॅबही १० फुटांवर, म्हणजे तिन्ही दिशांना तोच आकडा. वूफरही मध्येच, त्यामुळं तिथून ही लाट नीट उठतही नाही. आणखी एक गंमत बघ. याच्या वरचा 'ए' ११० हर्ट्‌झचा, तो मधोमध उलट जोरात ऐकू येतो. म्हणून तुला ठोका लागल्यासारखा वाटायचा, पण पोटात बसायचा नाही. तू वाढवत गेलास. मांडवाला अशा भिंती नाहीत, तिथं तुझं खरं माप बाहेर पडलं.

उद्या हे कर. एफएलमध्ये ५५ हर्ट्‌झची साधी साइन, म्हणजे नुसता तेवढाच एक सूर, लाव, आवाज बेताचा ठेव आणि खोलीभर चाल. कोपऱ्यात जा, दाराशी जा, परत पंख्याखाली ये.

कडकभाकरी | शनिवार, रात्री ११.१०

म्हणजे सगळा दोष पंख्याचा! सोलापूरच्या उन्हाळ्यानं काय काय केलं याच्या यादीत ही भर.

जुळेसोलापूरकर | रविवार, सकाळी ८.००

ताई, मला हे माहीत नव्हतं. माझा वरचा सल्ला मागं घेतो. पण मग भिंतीला चादरी लावल्या तर? चादरींना आपल्याकडं काय तोटा.

मायक्रोफोनवाली | रविवार, सकाळी ९.१५

चादरीचा उपयोग आहे, पण बेसला नाही. मऊ कापड लाटेला कुठं पकडतं? जिथं हवा सगळ्यांत जास्त हलते तिथं, म्हणजे भिंतीपासून लाटेच्या पाव लांबीवर. १००० हर्ट्‌झची लाट ३४ सेंटिमीटरची, तिचा पाव साडेआठ. म्हणून जाड सोलापुरी चादर चुण्या घालून भिंतीपासून चार बोटं पुढं टांगली तर बोलण्या-गाण्याचा घुमारा छान मरतो. ५५ हर्ट्‌झचा पाव मात्र दीड मीटरच्या वर जातो. तिथं भिंतीला चिकटवलेल्या चादरीचं काही चालत नाही.

बेसला हवी जाडी. कारखान्यातून टॉवेलचे नाकारलेले गठ्ठे मिळाले तर चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रचून बघ. चमत्कार होणार नाही, पण फरक कळेल.

पूर्वभाग_बीट्स | रविवार, दुपारी ४.४०

माझा अजून विश्वास बसत नाहीये. साइन लावली. टेबलापाशी बसलो तर बारीक गुणगुण. उठून भिंतीकडं दोन पावलं गेलो तर आवाज भरायला लागला. दाराच्या कोपऱ्यात कपाटापाशी उभा राहिलो आणि कपाटाच्या आरशाची चौकट खडखडायला लागली. आई आतून आली, 'काय चाललंय रे?' तिला कोपऱ्यात उभं केलं, मग हात धरून पंख्याखाली आणलं. ती म्हणाली, 'अगं बाई, बंद केलास का?' बंद केला नव्हता!

दीड वर्ष मी त्या एका फुटाच्या खड्ड्यात बसून बेस मोजत होतो.

आता टेबल कुठं ठेवू?

मायक्रोफोनवाली | रविवार, संध्याकाळी ६.०५

समोरच्या भिंतीकडं तोंड करून बस. कान त्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर येऊ देत, म्हणजे पावणेचार फुटांच्या आसपास. पंख्याचा वारा तिथंही लागेल. वूफर टेबलाखालून काढून समोरच्या भिंतीकडं सरकव. डाव्या-उजव्या भिंतींमध्ये मात्र तू अजून मधोमधच असशील, कारण दोन्ही कानांना सारखं ऐकू यायला तेच लागतं. त्यामुळं तो खड्डा थोडा राहील. म्हणून बेसचा निर्णय हेडफोनवर घ्यायचा. हेडफोनला खोली नसते.

तेव्हा २५ हजारांतलं पहिलं नाव लिही : उघड्या पाठीचे (वाटी मागून उघडी असलेले) किंवा चांगले बंद हेडफोन. स्पीकर आता नाही.

फेडर_खाली | रविवार, रात्री ८.३०

ताईंना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. तुझ्या गाण्याच्याच जातीचं, तुला आवडणारं तयार गाणं त्याच ठिकाणी, तितक्याच आवाजात शेजारी लावून ऐक. तुझं आणि त्याचं. रिक्षात, मोबाइलवर, भावाच्या ब्लूटूथवर. आम्ही मांडव लावला की पहिलं काम हेच करतो, शंभरदा ऐकलेलं एक गाणं लावतो.

आणि शेवटी सगळा आवाज एकाच उंचीला दाबला जाईपर्यंत लिमिटर लावू नका रे पोरांनो. आणलेलं गाणं आधीच चेपून चपातीसारखं असेल तर आमच्या हातात काही उरत नाही. ठोक्याला श्वास घ्यायला जागा ठेवा.

गड्डा_रिटर्न्स | सोमवार, सकाळी ११.२०

मधेच एक शंका. जुन्या लावणीचा चार सेकंदांचा तुकडा उचलून बीटमध्ये घातला तर चालतो का? 'काही सेकंद चालतात' असं सगळे म्हणतात.

मायक्रोफोनवाली | सोमवार, दुपारी १२.१०

'काही सेकंद चालतात' असा नियम कायद्यात नाही. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चालीचा एक, त्या ध्वनिमुद्रणाचा दुसरा. तुकडा उचलताना दोन्हीकडची परवानगी लागते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. परवानगी मिळणार नसेल तर चाल स्वतःची बांध, ढोलकी स्वतः वाजवून घे. सोलापूर जिल्ह्यात वाजवणाऱ्यांची वाण आहे का?

किनारचाट | सोमवार, दुपारी १.००

तेच म्हणायला आलो होतो. हलगी रेडीमेड सॅम्पलची कशाला लावता? बाहेरच्या सॅम्पल पॅकमध्ये मला जे मिळालं ते कुठल्याशा फ्रेम ड्रमवर हाताची थाप होती. आपली हलगी दोन काड्यांची. एक जाड टिपरू ठोका देतं आणि दुसरी बारीक काडी मधल्या जागा भरते. ती बारीक काडी गेली की हलगीचं चालणंच जातं.

आणि रेकॉर्ड करण्याआधी ती शेकावी लागते. जाळ करून कातडं तापवलं की ताण येतो, सूर चढतो, आवाज टणक होतो. थंड पडत गेली की सूर उतरत जातो. म्हणून शेकल्या शेकल्या आधी सुटे ठोके घ्यायचे, प्रत्येक ठोका आठ-दहा वेळा, हळू ते जोरात. मग परत शेकायची आणि चाली घ्यायच्या. नाहीतर पहिला ठोका एका सुरात, शेवटचा दुसऱ्याच, आणि बीटमध्ये जोडताना दोन वेगळ्या हलग्या वाटतात.

दुसरं म्हणजे, वाजवलेलं सगळं ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चौकोनांना, शंभर टक्के चिकटवू नकोस. ठोके चौकोनात ओढणाऱ्या क्वांटाइझची ताकद कमी करता येते, ५०-६० टक्क्यांवर ठेव. हलगीवाला सम बरोबर गाठतो, पण मधल्या मात्रा किंचित पुढं-मागं ठेवतो. ती त्याची चाल आहे. सरळ केली की मिरवणूक थांबते.

जुळेसोलापूरकर | सोमवार, दुपारी ३.१५

मिरवणूक थांबते, वा! ग्रिडवरून आठवलं. मी आमच्या नातेवाइकांच्या मागाचा आवाज मोबाइलवर घेतलाय. धोटा इकडून तिकडं जातानाचा फटका, फणीचा ठोका, मध्ये पट्ट्याची फरफर. मोजला तर मिनिटाला १२६ भरला. पण बीटमध्ये घातला की पाचव्या-सहाव्या मात्रेनंतर सुटतो.

ताणाबाणा | सोमवार, दुपारी ४.००

सुटणारच. माग घड्याळ नाही. पट्टा सैल झाला, कांडी संपत आली, हवेत दमटपणा आला, सगळ्यानं चाल बदलते. आमचा माग दुरुस्त करणारा जॉबर नुसत्या आवाजावरून सांगायचा, 'तिसऱ्या मागाचं बघा, काहीतरी बिघडतंय.' दहा माग एका वेळी चालू असायचे, तरी.

मायक्रोफोनवाली | सोमवार, दुपारी ४.३०

ज्याचा कान असा तयार झाला त्याला आमच्या कामात दुसरं काय शिकवणार! जुळेसोलापूरकर, माग बीटमागं ओढू नका, बीट मागामागं न्या. रीपरमध्ये प्रत्येक फटक्यावर टेम्पोची खूण लावता येते, मग बाकीची वाद्यं मागाच्या चालीनं चालतात. लांबलचक घेऊन बघाच.

दखनी_कलम | मंगळवार, रात्री १२.०५

आता माझ्या आवाजाचं कुणीतरी सांगा की. मागं एकदा आम्ही ऑनलाइन मागवलेला कंडेन्सर माइक लावला होता. रेकॉर्डिंगमध्ये मी, पंखा, माग, शेजारचा शिट्टी देणारा कुकर आणि खालची 'भांडीवालेऽऽ' अशी पाच माणसं होती.

मायक्रोफोनवाली | मंगळवार, सकाळी १०.२०

पाच जणांचा बँड म्हणून चालला असता! पण खरं सांगते, कंडेन्सर शांत खोलीसाठी. तो लांबचंही बारीक टिपतो आणि त्याला इंटरफेसकडून, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याकडून, ४८ व्होल्ट लागतात. तुमच्या घराला डायनॅमिक माइक. शुअरचा एसएम ५८ १९६६ पासून जगभरच्या स्टेजवर आहे तो त्याच्या अशाच गुणांमुळं, तो समोरचं घेतो आणि मागचं बरंच सोडून देतो. तोंड माइकपासून चार बोटांवर. अंतर निम्मं केलं की तुझा आवाज जवळपास ६ डेसिबलनं वाढतो, मागाचा आहे तेवढाच राहतो. मधे पॉप फिल्टरची जाळी हवीच, नाहीतर 'प' आणि 'भ' फुटतात.

पंखा टेकपुरता बंद. एका वेळी एकच अंतरा घ्या, मग पंखा लावून पाणी प्या, मग पुढचा. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये ठेवा आणि सगळ्यांत जोरातली ओळसुद्धा मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

आणि स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर वापरा आणि बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पलवर आणा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेटला त्याचा उशीर ६ मिलिसेकंदांच्याही आत येतो. येण्या-जाण्याचा मिळून १०-१२ झाला तरी काय, साडेतीन-चार मीटरवर उभ्या माणसाचा आवाज आपल्याला तितक्याच उशिरा पोचतो.

कडकभाकरी | मंगळवार, सकाळी ११.००

कीबोर्ड राहिला की! सगळ्या व्हिडिओत पोरांच्या पुढ्यात रंगीत पॅड असतात.

किनारचाट | मंगळवार, सकाळी ११.३०

राहू दे राहिलेला. लॅपटॉपच्याच कळांवर सूर वाजतात. महिनाभर बोटं अडली तर पुढच्या बोनसला घ्यावा. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं पेटीवर बसावं. स्वर ओळखू आला की बीट बनवणाऱ्याचं निम्मं काम होतं.

जुळेसोलापूरकर | मंगळवार, दुपारी १२.४५

याला माझी असहमती. स्वरज्ञान नसलेली पोरं काय भारी बीट बनवतात! आधी बनवू दे, स्वर मागून येतो.

किनारचाट | मंगळवार, दुपारी १.१०

बनवतात, मान्य. पण पूर्वभागला आपलं गाणं 'ए'मध्ये आहे हे माहीत होतं म्हणून ताईंना दोष सापडला. पट्टी सांगता आली नसती तर आपण अजून स्पीकरच बदलत बसलो असतो.

जुळेसोलापूरकर | मंगळवार, दुपारी १.१५

हे मात्र खरं.

पूर्वभाग_बीट्स | पुढचा रविवार, रात्री १०.१०

आठवडाभर लिहिलं नाही कारण काम चालू होतं. ऐका.

टेबल सरकवलं. कारखान्यातून नाकारलेल्या टॉवेलचे नऊ गठ्ठे मालकांनी दिले, 'काय करणार' म्हणाले, सांगितल्यावर हसून अजून दोन दिले. समोरच्या दोन कोपऱ्यांत छतापर्यंत रचले. मागच्या भिंतीला आजीच्या लग्नातली चादर चार बोटं सोडून टांगली. टाळी वाजवली की आधी जी टिंऽग यायची ती गेली.

जुनं गाणं हेडफोनवर उघडलं. उघडलं म्हणजे वेव्हचे वेगळे तुकडे रीपरमध्ये घेतले, नशिबानं गणपतीच्या वेळीच तसे काढून ठेवले होते. एटओएट एकटा ८ डेसिबल खाली आणावा लागला. आठ! मग त्याच्या ठोक्याबरोबर येणारी हलगी आपोआप वर आली, तिला मी हातही लावला नव्हता. ती बारीक काडी पहिल्यांदा ऐकू आली.

काल मंडळाच्या साउंडवाल्या दादांच्या गोडाउनवर गेलो. त्याच मोठ्या पेट्यांवर लावलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, बटणाला हात लावला नाही. मग म्हणाले, 'परत लाव.'

२५ हजारांचं ठरलं ते असं : हेडफोन, दोन माइक लागतील असा इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, स्टँड, पॉप फिल्टर आणि रीपरचा परवाना. उरतील ते लॅपटॉपच्या एसएसडीला. स्पीकर नाही, कीबोर्ड नाही.

किनारचाट दादा, आता खरी हलगी घ्यायची आहे. माझ्या खोलीत घेऊ का?

मायक्रोफोनवाली | पुढचा रविवार, रात्री १०.३५

खोलीत नको, गच्चीवर घ्या. वर छत नाही, समोरासमोर भिंती नाहीत, त्यामुळं परत येणारी लाट जवळजवळ नाहीच. नुसती हलगी मिळेल, घुमारा नंतर हवा तेवढा घाला. वारा पडलेला असतो तेव्हा, पहाटे. एक माइक कातड्यापासून हातभर लांब आणि जरा तिरका, दुसरा दोन मीटरवर.

वाचून फार बरं वाटलं. दादांनी 'परत लाव' म्हटलं त्यापुढं आम्ही काय सांगणार.

ताणाबाणा | पुढचा रविवार, रात्री १०.५०

आजीची चादर कुठल्या डिझाइनची आहे? मोर की वेलबुट्टी?

पूर्वभाग_बीट्स | पुढचा रविवार, रात्री १०.५२

मोर, काका.

किनारचाट | पुढचा रविवार, रात्री ११.०५

माग बंद असतील त्या दिवशी पहाटे पाचला येतो, आमच्या मंडळाच्या हलगीवाल्या काकांना घेऊन. शेकायला गोवऱ्या आणि पाचट मी आणतो. तू गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे आदल्या रात्रीच काढून ठेव, धूर लागेल. आणि काकूंना पाच जणांचा चहा सांग.